सुईच्या आतले बिऱ्हाड

आमच्या परसात कागदी लिंबाचे एक झाड आहे. त्याच्या कोवळ्या पानांवर दरसाल एक रुपेरी, नागमोडी वाट उमटते आणि पान आकसून वाकडे होते. लहानपणी आई सांगे, "रात्री गोगलगाय फिरून गेली असेल." ही गोष्ट मी वयाच्या चाळिशीपर्यंत खरी मानून चाललो होतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला गोगलगाईची चौकशी करण्याचा प्रसंग तसा क्वचितच येतो. पुढे शेतकी खात्यात लागलेला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला असताना हसून म्हणाला, "सर, ही गोगलगाय नव्हे. ही नागअळी. आमच्या नागपूरकडे संत्र्याच्या बागाइतदाराला विचारा, तो झोपेतसुद्धा ओळखील." त्याने पान उन्हाकडे धरून दाखवले. पानाचा वरचा पापुद्रा शाबूत, खालचा शाबूत, आणि दोहोंच्या मधला गर खात खात एक बारीक पिवळसर अळी पुढे सरकत होती. पानाच्या आत! कागदाची जाडी ती काय, आणि त्यात घर करून राहायचे!

ती आठवण मनात होती म्हणूनच गेल्या वर्षी मे महिन्यात, घरापासून हजारो मैलांवर, मी एका घरगुती भांडणात पडलो.

माझी थोरली बहीण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्‌स राज्यात, बॉस्टन शहराजवळच्या एका गावी असते. कॉलेजला सुट्टी लागताच मी तिच्याकडे पाच आठवड्यांसाठी गेलो होतो. तिच्या घराभोवती भिंत नाही. थुजा नावाच्या झाडांचे पुरुषभर उंचीचे हिरवे कुंपण आहे. ही झाडे आपल्याला अगदीच परकी नाहीत. शाळेत असताना आपण वहीत ‘विद्या’ म्हणून ज्या मोरपंखीची फांदी जपून ठेवत असू, तिचीच ही चुलतबहीण. आपली मोरपंखी मूळची चीनकडची, ही अमेरिकेची. तिला तिकडे ‘जीवनवृक्ष’ अशा अर्थाचे लॅटिन नाव आहे. सोळाव्या शतकात कॅनडाच्या थंडीत अडकलेल्या फ्रेंच दर्यावर्द्यांना तिथल्या मूळ रहिवाशांनी एका झाडाच्या पाल्याचा काढा देऊन मरणाच्या दारातून परत आणले, ते झाड हेच असावे असे पुष्कळांचे मत आहे.

तर या जीवनवृक्षांचे शेंडे तपकिरी पडले होते. एखाददुसरा नव्हे, अंगणभर. भाऊजी इंजिनियर माणूस. त्यांनी वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने ही रोपे लावलेली. ते रोज सकाळी चहाचा पेला घेऊन कुंपणाशी उभे राहत आणि आजारी माणसाच्या खाटेशी उभे राहिल्यासारखा चेहरा करून आत येत. मी पोचण्याच्या आदल्या दिवशी एका फवारणी कंपनीचा माणूस येऊन गेला होता. मोटारीतून उतरून त्याने पाच मिनिटे पाहिले, "कीड आहे," असे सांगितले आणि पुढच्या गुरुवारची तारीख देऊन गेला. कोणती कीड, हे भाऊजींनी विचारले तेव्हा म्हणाला, "कोणतीही असो, आमच्या औषधाने जाते."

ताईला हे मुळीच रुचले नव्हते. कारण कुंपणाच्या पायथ्याशी तिचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते. तिथल्या सहा महिन्यांच्या थंडीनंतर मेथीची दोन पाने वर आलेली पाहून बाईमाणसाला काय वाटते, हे ज्याने ताईचा चेहरा पाहिला त्यालाच कळेल. शिवाय कुंपणाच्या मधोमध, छातीइतक्या उंचीवर, रॉबिन पक्ष्याचे घरटे होते आणि त्यात निळीत बुडवून काढल्यासारखी तीन अंडी होती. घरट्याची बाजू भाचीने घेतली होती. ती सोळा वर्षांची. जन्म तिकडचा, पण मराठी चांगले बोलते आणि रागावली म्हणजे जास्तच चांगले बोलते.

"मामा, बाबांना सांग. औषध कशावर मारायचं ते तरी आधी कळू दे की!"

मला तिचे म्हणणे पटले. आणि त्या लिंबाच्या पानाची आठवण झाली.

आम्ही दोघांनी कुंपणाच्या निरनिराळ्या बाजूंचे वाळके शेंडे कात्रीने कापून आणले. भाचीकडे शाळेचे एक हातभिंग होते. मी एक शेंडा खिडकीच्या उजेडापुढे धरला. थुजाची पाने म्हणजे सुया नव्हेत; माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली चपटी पाने. त्यातून एरवी उजेड पार होत नाही. हा शेंडा मात्र टोकाकडे कंदिलाच्या काचेसारखा दिसला. आतून पोकळ, आणि तळाशी काळ्या दाण्यांचा ढीग. टाचणीने पापुद्रा उघडला तेव्हा तांदळाच्या कणीएवढी, हिरवट अंगाची, काळ्या डोक्याची एक अळी बाहेर आली आणि अंग चोरून पडून राहिली. दुसऱ्या शेंड्यात अळी नव्हती, पण तिने कोश केला होता.

"सापडला चोर!" भाची ओरडली.

पण पुढचे चार शेंडे पाहिले आणि आमचा उत्साह ओसरला. ते तितकेच तपकिरी होते. मात्र आतून भरीव. भोक नाही, भुयार नाही, विष्ठा नाही, काही नाही. हे सगळे शेंडे रस्त्याच्या बाजूचे निघाले. हिवाळ्यात जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि वरून कोरडा वारा सदाहरित पानांतले पाणी शोषून घेतो; त्यातच बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचे तुषार उडतात. ती बाजू थंडीने आणि मिठाने भाजली होती. घराकडची बाजू मात्र किडीची. एकाच रंगाचे दोन रोग, आणि एकाच गुरुवारी दोघांवर एकच औषध पडणार होते.

त्या रात्रीपासून मला या विषयाचा नाद लागला. गावच्या वाचनालयात कीटकांवरच्या पुस्तकांचे एक कपाटच होते. जे वाचले आणि जे डोळ्यांनी पाहिले त्यातले थोडे इथे सांगतो.

पानाच्या आत राहून पान खाणारे कीटक फार जुन्या काळापासून माणसाच्या नजरेत आहेत. फ्रान्समध्ये रेओम्युर या निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्यांचे बारकाईने वर्णन केले. त्यांची एक जात नाही. पतंगांची पिल्ले आहेत, माश्यांची आहेत, भुंगेऱ्यांची आहेत, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या करवतमाशीचीही आहेत. या निरनिराळ्या कुळांनी आपापल्या वाटेने एकच युक्ती शोधून काढली. फायदा उघड आहे. बाहेर ऊन, वारा, पाऊस, पक्षी. आत सावली, ओलावा आणि चहूकडे जेवण.

रुंद पानांच्या झाडावर हे कीटक ओळखणे त्यामानाने सोपे. कोणी नागमोडी रेघ काढतो, कोणी गोल डाग पाडतो, कोणी आधी रेघ काढून मग डाग पाडतो. ज्याची त्याची धाटणी ठरलेली. मोडी कागद वाचणारे जाणकार अक्षराच्या वळणावरून कारकून ओळखतात, तसे हे आहे. बर्लिनमधल्या हेरिंग नावाच्या संशोधकाने सारा जन्म या हस्ताक्षरांत घालवला. युरोपातील भुयारी कीटकांचा त्याचा मोठा ओळखग्रंथ १९५७ साली निघाला. त्यात आधी झाड शोधायचे, मग पानावरच्या भुयाराचा आकार पाहायचा, आणि कीटक उडून गेला असला तरी त्याचे नाव सांगायचे. १९६७ साली हेरिंग वारला, पण ही पद्धत राहिली.

पण पाइन, स्प्रूस, फर असल्या सूचिपर्णी झाडांवर ही विद्या अडखळते. सुईत वळणे काढायला जागाच कुठे आहे? दाभणाएवढ्या नळीत अळी एक तर पुढे जाईल, नाही तर मागे. चाळीतल्या लांबट खोलीत खाट कशीही टाका, शेवटी ती भिंतीलाच लागते, त्यातलेच हे. सगळी भुयारे सारखीच दिसतात. म्हणून इथे अक्षर सोडून शाईचे डाग, कागदाची घडी, लाखेची मोहोर असल्या खुणांवर जावे लागते.

पहिली खूण झाड. आणि झाड ओळखण्यातच आपली मंडळी फसतात. कोकणच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाला कित्येक जण पाइनचे बन म्हणतात. पण सुरू हे सूचिपर्णी झाड नव्हेच. ते फुलझाडांपैकी आहे आणि त्याच्या ‘सुया’ म्हणजे पेरापेरांच्या हिरव्या काड्या आहेत. ओढून पाहा, पेरे सुटी होतात. खऱ्या पाइनच्या सुया जुडीत येतात. हिमालयातल्या चीडच्या जुडीत तीन, मॅसॅच्युसेट्‌समधल्या पांढऱ्या पाइनच्या जुडीत पाच. स्प्रूसची सुई एकटी आणि बोटांत फिरवली तर चौकोनी लागते. फरची चपटी, फिरत नाही. लार्चच्या सुया देवदारासारख्या झुबक्यांनी येतात, मात्र देवदार बारमाही हिरवा आणि लार्च शरद ऋतूत सोनेरी होऊन उघडा पडतो. यातले बहुतेक किडे एकाच जातीच्या झाडाला चिकटून असतात. तेव्हा झाड कळले की संशयितांची यादी निम्म्याहून अधिक छाटली जाते.

दुसरी खूण दार. अळी कुठून शिरली? स्प्रूसवर राहणारी एक अळी सुईच्या बुडाशी बारीक भोक पाडून आत जाते, सुई रिकामी करते, मग ती बुडाशी तोडून शेजारच्या मेल्या सुयांना रेशमाने बांधते. असे करता करता फांदीवर केरकचऱ्याचे एक गाठोडे तयार होते. ते पाहून माळी म्हणतात, पाण्याच्या नळीचा जोराचा फवारा मारा, गाठोडे धुऊन निघेल. मला हा उपाय अतिशय आवडला. पाइनवरच्या काही अळ्या उलट टोकाकडून बुडाकडे खात येतात. अशी सुई वर पिवळी आणि खाली हिरवी राहते.

तिसरी खूण विष्ठा. भाची नाक मुरडून हसली, पण पोलिसांनासुद्धा असल्याच गोष्टी हुडकाव्या लागतात. कोणी ती भुयारातच मागे ठेवून पुढे जातो, कोणी दाराबाहेर ढकलतो, कोणी रेशमात गुंतवतो. चौथी खूण महिना. आणि पाचवी खूण, अळी हाती लागलीच तर तिचे पाय. छातीला खरे पाय आणि पोटाखाली मांसल पाय दिसले तर ती बहुधा पतंगाची. अजिबात पाय नसले तर माशीचे पिल्लू असण्याचा संभव मोठा. डग्लस फरच्या सुईत राहणारे एका चिलटाचे पिल्लू असेच बिनपायाचे असते, आणि नाताळची झाडे लावणारे शेतकरी त्याच्या नावाने बोटे मोडतात.

सुईचे बिऱ्हाड एका बाबतीत मात्र फार अडचणीचे. लिंबाच्या पानावर नागअळीचा सारा संसार एका पानात आटोपतो. एक सुई सहसा पुरत नाही. बिऱ्हाड बदलावे लागते. आणि एका सुईतून दुसरीत जातानाचे ते काही क्षण अळीच्या आयुष्यातले सर्वांत धोक्याचे. कॅलिफोर्नियात योसेमिटी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या उंचावरच्या लॉजपोल पाइनच्या रानात एक चिमुकला करडा पतंग राहतो. त्याची अळी सुयांमागून सुया पोखरीत दोन वर्षे काढते. आणखी नवल असे की, तिथले बहुतेक सगळे पतंग एकाच वर्षी, विषम सालीच उडतात. सम सालच्या उन्हाळ्यात गेलेल्या प्रवाशाला अळ्या दिसतील, पतंग दिसणार नाही. अधूनमधून या पतंगाची साथ येते, मैलोन्‌मैल रान तपकिरी होते आणि पुष्कळ झाडे वाळून नुसते पांढरे सांगाडे उभे राहतात. लोक त्याला भुतांचे रान म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्याला या रानावर डीडीटी आणि पुढे मॅलॅथिऑन फवारण्यात आले. १९६२ साली रेचल कार्सनबाईंचे ‘सायलेंट स्प्रिंग’ निघाले, १९७२ साली अमेरिकेत शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली. हा पतंग काही परका पाहुणा नाही, त्या रानाचा मूळचा रहिवासीच आहे. साथ येते, ओसरते, आणि मेलेल्या झाडांखाली नवी रोपे वर येतात. हे मी वाचलेले सांगतो. योसेमिटी मी पाहिलेले नाही.

पाहिले ते लार्चवरचे. एका रविवारी भाऊजींनी आम्हाला नॉर्थॅम्प्टन गावी नेले. ताईच्या घरापासून मोटारीने दोन तासांची वाट. या गावाला कीटकशास्त्रात एक मान आहे. लार्चवरचा एक युरोपीय पतंग अमेरिकेत प्रथम सापडला तो इथे, १८८६ साली. तिथल्या एका बागेत लार्चच्या कोवळ्या झुबक्यावर मला गवताच्या काडीचा कपटा चिकटलेला दिसला. भिंगातून पाहतो तो कपटा चालायला लागला! ही अळी लहानपणी सुईच्या आत राहते. उन्हाळा सरताना ती एक पोकळ सुई आतून रेशमाने मढवते, दोन्ही टोकांनी कापते आणि अंगरख्यासारखी अंगावर घेऊन बाहेर पडते. सारा हिवाळा त्याच अंगरख्यात फांदीला चिकटून काढते. वसंतात पालवी फुटली की अंगरखा सुईच्या तोंडाशी टेकवते, आणि पोहोचेल तिथवर मान आत घालून खाते. अंगरखा सोडून जात नाही. सबंध झाड लांबून कडाक्याच्या थंडीने पोळल्यासारखे पांढरट दिसते.

या पतंगाने अमेरिकेत फार धुमाकूळ घातला. १९५७ साली तो पार पश्चिमेला आयडाहोत जाऊन पोचला. त्याचा बंदोबस्त कोणी केला म्हणाल, तर दोन चिमुकल्या गांधीलमाश्यांनी. त्याच्या मूळ मुलखात त्याच्या अळीत अंडी घालणाऱ्या या माश्या १९३० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी युरोपातून मुद्दाम आणून पूर्वेकडच्या रानात सोडल्या, आणि पुढे पश्चिमेतही नेल्या. पाहुणा कोण आहे हे नक्की ठाऊक होते, म्हणून त्याचा वैरी कुठे शोधायचा हे कळले. मोटारीतून परतताना भाऊजी बराच वेळ गप्प होते.

बुधवारी रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी विचारले, "बरं, मास्तर, मग आमच्या कुंपणाचं काय?"

मी जे कळले ते सांगितले. थुजाच्या शेंड्यांत राहणारे पतंग एकाहून अधिक जातींचे आहेत. काही पानाच्या आतच कोश करतात, काही बाहेर फांदीवर पांढरा, चातीच्या आकाराचा कोश विणतात. आपल्याला कोश आत मिळाला. पतंग जूनच्या सुमारास निघतील, अंडी घालतील, नवी पिढी पुढच्या वसंतापर्यंत पानातच राहील. म्हणजे आज, मे महिन्यात, वरवर बसणारे औषध मारून उपयोग थोडा. कीड पापुद्र्याच्या आड सुरक्षित आहे. मरतील ते बाहेर फिरणारे कोळी आणि माश्या. रस्त्याकडच्या बाजूला तर मारायला कीडच नाही. पतंग निघण्याआधी हे पोकळ शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकायचे, एवढेच काम आहे. झाड पुष्कळ सोसते.

"साडेतीनशे फुटांचं कुंपण आहे," भाऊजी म्हणाले. "शेंडे कोण कापणार?"

"मी," भाची म्हणाली.

"मी आहेच," ताई म्हणाली.

भाऊजींनी गुरुवारची तारीख रद्द केली, पण खुशीने नव्हे. महिन्याभरात फरक दिसला नाही तर आपण त्या माणसाला परत बोलावणार, असे त्यांनी बजावून ठेवले. आम्ही तिघांनी नऊ दिवस कात्र्या चालवल्या. माझ्या उजव्या अंगठ्याला फोड आला. घरट्याजवळचा हातभर भाग मात्र भाचीने कोणालाही कापू दिला नाही. काम झाल्यावर कुंपण इतके विद्रूप दिसू लागले की शेजारच्या वृद्ध बाईंनी काळजीने येऊन चौकशी केली. नवी फूट यायला दिवस लागतात.

नक्की कोणता पतंग, हे ठरवायला अळी किंवा कोश पुरेसा नाही. पतंग निघेपर्यंत थांबावे लागते. म्हणून अकरा शेंडे आम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. लोणच्याचा वास जाता जात नव्हता. पतंगांना तो चालेल की नाही यावर एक संध्याकाळ चर्चा झाली. माझी सुट्टी संपली तोवर बरणीत काहीच हालचाल नव्हती. मी परत आलो, कॉलेज सुरू झाले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे फोन वाजला. "मामा, आला! पांढरा आहे, त्यावर तपकिरी ठिपके, तांदळाएवढा. आणि बसलाय कसा माहितीय? डोकं खाली, शेपूट वर! शीर्षासन!" ती बैठक मी पुस्तकात वाचली होती. थुजाच्या ज्या पतंगावर आमचा संशय होता त्याच्या कुळाची ती खूणच आहे. नाव पक्के झाले. पुढच्या दहा दिवसांत आणखी सहा निघाले. अंड्यांतून रॉबिनची पिल्ले निघून उडूनही गेली. भाऊजी कुंपणाविषयी काही बोलत नव्हते. ताईच्या मते हे चांगले लक्षण होते.

मग जुलैच्या पहिल्या रविवारी पुन्हा फोन आला. या वेळी आवाज हळू होता.

"मामा, आज आठवा निघाला. पण हा पतंग नाही."

"मग?"

"काळी, एवढीशी. मुंगीहून लहान. पंख आहेत, कंबर बारीक. माझ्या शेंड्यातला पतंग हिने खाल्ला ना? ती नॉर्थॅम्प्टनची गोष्ट... तशीच ही, हो ना?"

मी म्हटले, जातीचे नाव मला सांगता येणार नाही, पण धंदा तोच दिसतो.

"हिला काय करू?"

मागून भाऊजींचा आवाज ऐकू आला, "अगं, फोन ठेव आधी, ती बरणी इकडे आण. मलमल मी सोडतो. कुंपणापाशी चल."